रंगभूमीवरची निर्दोष बाई: सीमाभागातून पाहिलेला देश आणि शरीर

१९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलं. विराटाचा दरबार, सैरंध्री होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर वाईट नजर ठेवणारा कीचक, सबुरीनं घ्या म्हणणारा युधिष्ठिर आणि पेटलेला भीम. इंग्रजांचं नाव नाटकात कुठेच नाही. तरी १९१० मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी त्याच वर्षी निघालेल्या आपल्या पुस्तकात या नाटकाचा अर्थ इंग्रज वाचकाला सांगितला: कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल, आणि द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान. पिटात बसलेल्या माणसाला हे कुणी सांगायची गरज पडली नाही. बाईची अब्रू गेली की देशाची गेली, हे त्याच्या मनात आधीच पक्कं होतं.

देश म्हणजे बाई, हे आपण इतक्या सहज मान्य करतो की पुढचा प्रश्न सुचतच नाही: कशी बाई? तरुण की म्हातारी? नीट चालणारी की लंगडणारी? अंगावर कोड असलेली चालेल का? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. चालणार नाही. देशाचं रूप घेणारी बाई सर्वांगसुंदर, निरोगी, सुलक्षणी हवी. अभ्यासक जेव्हा स्त्रीत्व, अपंगत्व आणि राष्ट्रभावना यांचा एकत्र विचार करतात, तेव्हा ते या अटीबद्दलच बोलत असतात. ही अट कशी तयार झाली हे समजून घ्यायला आपल्या बेळगाव जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाही. एकट्या सौंदत्ती तालुक्यात बघा. यल्लम्माचा, म्हणजे रेणुकेचा, डोंगर तिथेच. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली जन्मले ते गुर्लहोसूर त्याच तालुक्यात. कन्नड कंपनी नाटकाचे बुजुर्ग, शंभरी ओलांडून २०१७ मध्ये गेलेले एणगी बाळप्पा, तेही तिथलेच, आणि त्यांनी सुरुवातीच्या काळात स्त्रीभूमिका केल्या.

आधी डोंगरावर जाऊ. चौंडकं या तंतुवाद्यावर गायली जाणारी रेणुकेची कथा आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असते. रेणुका रोज वाळूचा घडा करून, नागाची चुंबळ डोक्यावर ठेवून मलप्रभेचं पाणी आणायची. एके दिवशी नदीत जलक्रीडा करणाऱ्या गंधर्वाकडे तिचं लक्ष गेलं आणि घडा वळेना. जमदग्नींनी शाप दिला, तिच्या अंगावर रोग फुटला. एकय्या आणि जोगय्या या साधूंच्या सांगण्यावरून जोगुळभावीत न्हाल्यावर ती बरी झाली. परतली, तर जमदग्नींनी मुलांना आईचं शिर उडवायला सांगितलं. थोरल्यांनी नकार दिला, त्यांचं पुरुषत्व शापानं गेलं. परशुरामानं आज्ञा पाळली आणि मिळालेल्या वरातून आईला पुन्हा जिवंत करून घेतलं.

या कथेत शरीर म्हणजे निकाल आहे. मन चळलं की कातडी बिघडते, आज्ञा मोडली की पुरुषपण जातं. अमुक माणूस असा का, या प्रश्नाला ‘काहीतरी पाप असेल’ हे उत्तर इथूनच येतं. आजही घरात अपंग मूल जन्मलं की पहिली बोटं आईकडे वळतात: ग्रहणात काय केलंस, कुणाचा शाप घेतलास. अपंगत्व आणि बाईचं चारित्र्य यांची गाठ इतकी जुनी आहे.

पण चौंडक्यावरची ही कथा तिथे थांबत नाही, आणि मला ती म्हणूनच मोठी वाटते. रोग झालेली ती बाईच देवी झाली. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला ती विधवा होते, भक्त बांगड्या फोडतात, आणि तरीही तिचं देवपण कणभर कमी होत नाही. शापित थोरल्या मुलांशी नातं सांगणारे जोगप्पा, म्हणजे आपले जोगत्ये, साडी नेसून, डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती बसवलेली टोपली, घेऊन तिच्यासमोर नाचतात, गातात. रोगी शरीर, विधवा शरीर, पुरुष-बाईच्या चौकटीत न बसणारं शरीर, सगळ्यांना त्या डोंगरावर जागा आहे. ही जागा फुकट मिळालेली नाही. घरातल्या आजारपणात बोललेला नवस फेडायला कोवळ्या मुली देवीला सोडल्या गेल्या आणि गावानं त्यांचं आयुष्य नासवलं. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि कर्नाटकात १९८२ साली त्याविरुद्ध कायदे करावे लागले. तेव्हा डोंगरावर सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. तिथे अशी शरीरं दिसत होती, एवढं मात्र खरं.

नव्या संगीत नाटकात ती दिसेनाशी झाली. १८८० मध्ये किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात झालं, पुढे ‘सौभद्र’ आलं. चालींमध्ये कानडी मातीचा वास होता, पण बाई बदलली. शकुंतला, सुभद्रा, पुढे खाडिलकरांची भामिनी आणि रुक्मिणी, गडकऱ्यांची सिंधू. सगळ्या तरुण, देखण्या, शालीन. त्याच जिल्ह्यात गोकाकच्या बाजूला श्रीकृष्ण पारिजात या कानडी लोकनाट्याचे खेळ रात्ररात्र चालत. त्यात कौजलगी निंगम्मांसारख्या खऱ्याखुऱ्या बायका गाजल्या. शहरी मराठी कंपन्यांना मात्र कलावंतिणींच्या घरची बाई मंचावर नको होती आणि घरंदाज बाई तिथे येणं शक्य नव्हतं. म्हणून आदर्श मराठी स्त्री उभी करायचं काम पुरुषांकडे, स्त्रीपार्टी नटांकडे आलं.

यात राजकारण होतं, आणि त्याचा धागा इंग्रजांच्या एका टोमण्याशी जुळतो. राज्य करणाऱ्यांनी इथल्या माणसांची विभागणी करून टाकली होती: काही जाती ‘लढाऊ’, बाकीचे बायकी, दुबळे. बंगाली माणूस नाजूक, शरीरानं दुर्बळ, असं मेकॉलेनं लिहून ठेवलं होतं. मराठ्यांना त्यांनी लढाऊ खात्यात घातलं. बेळगावात १९२२ पासून मराठा पलटणीचं केंद्र आहे, त्यामागेही ही वर्गवारी आहेच. आता हा टोमणा कसा चालतो ते नीट पाहा. एखाद्याला कमी लेखायचं तर त्याला बायकी म्हणा किंवा पंगू म्हणा. दोन्ही शब्द शिवी म्हणून वापरता येतात, कारण बाईपण आणि अपंगपण ही दोन्ही मुळातच हलकी, असं ऐकणाराही मानतो. आपल्या पुढाऱ्यांनी, नाटककारांनी ही मोजपट्टी फेकून दिली नाही. आम्ही नामर्द नाही, एवढंच सिद्ध करायला ते धावले. गुलामगिरीला पंगुत्व म्हटलं गेलं, स्वातंत्र्याला आपल्या पायावर उभं राहणं. भीमाच्या गदेवर टाळ्या पडल्या, कारण ती बसलेल्या माणसाच्या दंडात बळ भरत होती. पण ज्याला पायच नाहीत, त्यानं या देशात स्वतःला कुठे शोधायचं, हा प्रश्न त्या टाळ्यांत कुणी विचारला नाही.

राजाच्या शरीरालाही हाच नियम होता. धृतराष्ट्र थोरला असून आंधळा म्हणून गादीला अपात्र ठरला आणि पांडू राजा झाला. कीर्तनात, नाटकात, बयलाट या कानडी लोकनाट्यात ही गोष्ट इतकी ऐकली आहे की त्यातला अन्याय जाणवत नाही. वर त्याच्या आंधळेपणाला पुत्रप्रेमाचा आंधळेपणा असा दुसरा अर्थ चिकटवला, म्हणजे डोळ्यांचा दोष बुद्धीचाही झाला. गांधारीनं आपणहून डोळे बांधले तर ती पतिव्रता. नवऱ्याचा आंधळेपणा दोष, बायकोचा त्याग.

मंथरा आणि कुब्जा या दोघींकडे पाहिलं की नाटकवाल्यांची पद्धत आणखी स्पष्ट होते. दोघींच्या पाठीला पोक. मंथरा कान भरणारी, दुष्ट, म्हणून शेवटपर्यंत वाकलेलीच. कुब्जेनं कृष्णाला चंदनाची उटी लावली, ती चांगली, म्हणून कृष्ण तिला सरळ करतो आणि ती सुंदर होते. म्हणजे पोक असलेली बाई वाईट तरी असावी लागते, नाहीतर बरी तरी व्हावी लागते. पोक घेऊन साधं, चारचौघींसारखं जगणारी बाई या गोष्टींत नाही. सुधारणेच्या नाटकांनीही हे सोडलं नाही. बेळगावात शिकलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ च्या ‘शारदा’त जरठकुमारी विवाहावर घाव घातला, आणि त्या नाटकाचे उपकार मोठेच आहेत. पण त्यातला हशा थेरड्या नवरदेवाच्या थकलेल्या अंगावर पिकतो. व्यवहार वाईट होता, म्हातारं शरीर नव्हे. रंगभूमीला मात्र शरीराकडे बोट दाखवणं नेहमी सोपं गेलं.

आता त्या माणसाकडे येतो, ज्याच्या आयुष्यात हे सगळे धागे एकत्र आले. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, जन्म १८८८. लहानपणापासून त्यांना कानाचा त्रास होता, ऐकू कमी यायचं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी उपचारासाठी त्यांना मिरजेच्या मिशन दवाखान्यात पाठवलं. मिरजेतच १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत ते शकुंतला म्हणून उभे राहिले. पुढची पंचवीस-तीस वर्षं महाराष्ट्रातल्या आणि आपल्या भागातल्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसत होत्या, त्यांच्यासारखा अंबाडा घालत होत्या. आदर्श मराठी स्त्री कशी बोलते, लाजते, रागावते, हे घराघराला एका पुरुषानं शिकवलं, आणि त्या पुरुषाला नीट ऐकू येत नव्हतं. मंचावरच्या निर्दोष बाईच्या मागे असं शरीर होतं. प्रेक्षकांना त्याची कल्पना नव्हती असं नाही. त्यांना ते पाहायचं नव्हतं.

८ जुलै १९२१ ला मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. केशवरावांची ‘ललितकलादर्श’ ही १९०८ साली हुबळीत स्थापन झालेली कंपनी, म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचं हे भांडण सुरू व्हायच्या कितीतरी आधीची. नाटकात श्रीमंत भामिनी गरीब शूर सैनिकाला आधी नाकारते आणि मग त्याच्या शौर्यापुढे नमते. स्वराज्यासाठी पैसा गोळा करताना स्त्रीनं शूर पुरुषाची किंमत ओळखावी हा धडा मंचावर दिला जात होता, आणि तो धडा देणारी स्त्री खुद्द पुरुष होती. देश, बाई आणि पुरुषार्थ या तिन्ही गोष्टी किती घडवलेल्या असतात, हे त्या रात्रीइतकं उघड क्वचितच झालं असेल.

पुढे बोलपट आले, कर्ज वाढलं, कंपनी खचली. १९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी कंपनीत आल्या. विजापूरकडच्या बिळगीच्या, घरची बोली कानडी, धर्मानं मुसलमान, गळा बालगंधर्वांच्या गायकीत मुरलेला. ‘किस्मत’ सिनेमातल्या गाण्यांनी देशभर पोचलेल्या अमीरबाई कर्नाटकी या त्यांच्या बहीण. १९५१ मध्ये दोघांनी लग्न केलं. मराठी जगानं गोहरबाईंना कधी माफ केलं नाही. सोन्यासारख्या माणसाला नादी लावलं, इथपासून वाटेल ते लिहिलं-बोललं गेलं. मला हे फार लागतं. मराठी स्त्रीचा आदर्श म्हणून ज्यांना पुजलं, त्यांच्या आयुष्यातली खरी स्त्री कानडी निघाली, मुसलमान निघाली, बैठकीत गाणारी निघाली, हेच लोकांना सहन झालं नाही. उतारवयात बालगंधर्वांचे पाय गेले, चालता येईना. बसून भजनं गायची, एवढंच उरलं. त्या पडत्या काळात त्यांच्या सोबत राहिल्या त्या गोहरबाई. १९६४ साली त्या गेल्या, १९६७ मध्ये बालगंधर्व. ‘वन्समोअर’ देणाऱ्या प्रेक्षकाला भामिनी हवी होती, पांगळे नारायणराव नको होते. देशाच्या आदर्श बाईला म्हातारपण आणि अपंगपण मान्य नसतं, याचा एवढा जिवंत पुरावा दुसरा नाही.

बेळगावपासून थोडं पूर्वेला, गदगला, त्याच काळात वेगळंच काही घडत होतं. जन्मांध पंचाक्षरी गवई यांनी १९१४ मध्ये वीरेश्वर पुण्याश्रम सुरू केला. अंध आणि अनाथ मुलांना तिथे गाणं शिकवलं जाई. इतक्या मुलांना जेवायला घालायचं तर पैसा हवा, म्हणून त्यांनी नाटक कंपनी काढली आणि गावोगाव मुक्काम ठोकले. त्यांचे शिष्य पुट्टराज गवई, तेही तान्हेपणीच दृष्टी गेलेले, पुढे आश्रमाचे प्रमुख झाले. त्यांनी नाटकं लिहिली, कंपनी चालवली, आणि २०१० मध्ये पद्मभूषण मिळून त्याच वर्षी गेले. बसवराज राजगुरूंसारखा गवई याच परंपरेतून तयार झाला.

या दोघा अंध गवयांबद्दल बोलताना आपल्या तोंडी पटकन येतं: देवानं दृष्टी नेली आणि सूर दिला. हे वाक्य प्रेमानं म्हटलेलं असतं, तरी त्यात गल्लत आहे. सूर देवानं दिला म्हटलं की पहाटेचा रियाज, पाठ केलेले शेकडो चिजांचे बोल, हार्मोनियमपासून सारंगीपर्यंत हातात बसवलेली वाद्यं, आणि कंपनीचा रोजचा हिशेब, हे सगळं पुसलं जातं. अंध माणूस एकतर बिचारा नाहीतर संत, तिसरं काही नाही. पंचाक्षरी गवई नाटक कंपनीचे मालक होते. तंबू कुठे ठोकायचा, तिकिटाचा दर काय ठेवायचा, नटाला पगार किती द्यायचा, हे ठरवणारा अंध माणूस आपण डोळ्यांसमोर आणूनच पाहत नाही.

सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचंही काहीसं असंच झालं. क्षयानं एक फुफ्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद, आणि मग ते पुन्हा गाऊ लागले. ही गोष्ट आपण आजारावर मिळवलेला विजय म्हणून सांगतो. माझ्या कानांना मात्र त्यांचे नंतरचे तुटक, ठसठशीत स्वरसमूह ऐकताना त्या शरीरानं स्वतःला साजेशी गायकी घडवलेली जाणवते. उणीव झाकलेली नाही, तिच्यातून रचना केली आहे.

आता सीमेचा प्रश्न, कारण तो आला नाही तर बेळगावचा लेख पुरा होत नाही. कानडी बाजूचा स्वाभिमानही रंगभूमीवरच जागा झाला. मराठी कंपन्यांचा गाजावाजा पाहून शांतकवींनी १८७० च्या दशकात गदगला कन्नड नाटक मंडळी उभी केली. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींसमोर कन्नड नाडूचं गीत गायलं गेलं, शाळकरी गंगूबाई हनगल त्या अधिवेशनात गायल्या होत्या. तिकडे कन्नड माता भुवनेश्वरी, इकडे महाराष्ट्र माउली. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना होऊन बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊ साठ्यांची मैनेची छक्कड गावोगाव गाजली. मुंबईला गेलेल्या गड्याची गावाकडे राहिलेली मैना आणि बेळगाव, कारवार, निपाणीशिवाय खंडित राहिलेला महाराष्ट्र यांची विरहवेदना त्यांनी एकच केली. त्या शाहिरीची ताकद मी नाकारत नाही, ती ऐकून आजही गळा दाटतो.

पण आपल्या सभांमधली भाषा आठवा. लचका तोडला, हात कापला, महाराष्ट्र अपंग झाला. दोन्ही बाजूंच्या भाषणांत नकाशा म्हणजे शरीर, आणि प्रदेश गेला म्हणजे अवयव गेला. दुःख मोठं आहे हे सांगायला आपण अपंगत्वाचा दाखला देतो, कारण त्याहून वाईट अवस्था आपल्याला सुचत नाही. समोरच्या सतरंजीवर कुबड्या बाजूला ठेवून बसलेला कार्यकर्ताही ते ऐकत असतो, घोषणाही देतो. मराठी भाषेचा हक्क, मराठीतून कागदपत्रं, मराठी शाळा या मागण्या त्या दाखल्याविना मांडता येतात, आणि मांडल्या तर त्यांचं वजन घटत नाही.

जोगत्यांकडे पाहण्याची नजर मात्र थोडी बदलते आहे. बळ्ळारीकडच्या मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद (लोककला) अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांना गावानं शापित म्हटलं, त्यांच्यातल्या एकीनं राष्ट्रपती भवनात जाऊन देशाचा सन्मान घेतला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनाही हक्कदार मानलं आहे. कथेतली रेणुका जोगुळभावीतून बरी होऊन घरी परतली तेव्हा तिच्या वाट्याला परशू आला. आज तसं परतणाऱ्या बाईच्या हातात निदान एक कायदा आहे.

रंगभूमीवरचं काम त्यामानानं हलकं आहे आणि ते आपल्याच हातात आहे. खानापूर, निपाणी, चिकोडीच्या शाळांत गॅदरिंगला रामायण बसतं, तेव्हा मंथरेच्या पाठीला अजून उशी बांधली जाते आणि ती वाकून आली की पोरं हसतात. या वर्षी उशी बांधू नका. कैकेयीचे कान भरणारे तिचे संवाद जोरकस आहेत, मुलगी सरळ उभी राहून बोलली तरी ती पुरेशी दुष्ट वाटेल. आणि वर्गात कुणी व्हीलचेअरवर असेल, तर तिला सुभद्रा करा.